करणी आणि वर्गसमीकरण : शालेय सरावाच्या स्वरूपाविषयी

माध्यमिक शाळांच्या बीजगणितात करणी आणि वर्गसमीकरण हे दोन विषय परस्परांपासून अलग ठेवून शिकविले जातात. महाराष्ट्रात इ. स. २०१७ मध्ये नववीसाठी आणि इ. स. २०१८ मध्ये दहावीसाठी जी पाठ्यपुस्तके लागू झाली, त्यांत करणीचे विवेचन नववीच्या वास्तव संख्यांच्या प्रकरणात अंतर्भूत आहे, तर वर्गसमीकरणास दहावीत स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. मध्ये एक वर्ष जाते, आणि त्या वर्षात विद्यार्थ्याच्या मनात एक विषय मिटतो व दुसरा उघडतो. परीक्षेच्या तयारीसाठी जो सराव केला जातो, तोही ह्या विभागणीस अनुसरूनच होतो. करणीची वीस उदाहरणे एका दमात, वर्गसमीकरणाची वीस उदाहरणे दुसऱ्या दमात, अशी त्याची रीत असते.

ह्या रीतीने उत्तरे मिळतात, हे नाकारता येत नाही. परंतु उत्तर ग्राह्य आहे की नाही हे ठरविण्याची शक्ती तिने वाढते काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. वस्तुतः हे दोन विषय एकाच विचाराची दोन अंगे होत. करणीचे वर्गमूळ काढू गेल्यास वर्गसमीकरण उभे राहते, आणि वर्गसमीकरण सोडवू गेल्यास करणी पुढे येते. हा संबंध दृष्टिआड झाल्यामुळे शालेय सरावात कोणते दोष शिरतात व ते कसे टाळता येतील, ह्याचे दिग्दर्शन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

करणी : अचूक आणि सन्निकट

करणी हा शब्द शुल्बसूत्रांइतका जुना आहे. यज्ञवेदीच्या रचनेत दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढावयाचा असता जी रज्जू बाजू म्हणून घ्यावी लागते, तिला द्विकरणी म्हणत. तिप्पट क्षेत्रफळासाठी तृकरणी. मूळ बाजू एक एकक मानली तर द्विकरणी म्हणजे त्या चौरसाचा कर्ण, अर्थात √२ होय. शुल्बसूत्रांत तिचे माप काढण्याची रीत अशी आहे : मापात त्याचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि ह्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग त्यातून वजा करावा. म्हणजे

१ + १/३ + १/१२ − १/४०८ = ५७७/४०८

दशांशात ही किंमत १.४१४२१५७ येते. √२ ची खरी किंमत १.४१४२१३६… अशी असल्यामुळे फरक दहा लाखांत सुमारे दोन इतकाच पडतो. वेदी रचणाऱ्यास याहून अधिक सूक्ष्मतेची आवश्यकता नव्हती. तथापि बीजगणिताच्या दृष्टीने पाहता ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८ होते. दोहोंत एकाचे अंतर राहतेच. कोणतेही अपूर्णांक घेतले तरी हे अंतर शून्य होऊ शकत नाही. कारण प आणि फ ह्या सामाईक अवयव नसलेल्या पूर्ण संख्यांसाठी प² = २फ² असे मानल्यास प सम ठरतो, त्यावरून फ सम ठरतो, आणि सामाईक अवयव नाही ह्या गृहीताशी विरोध येतो.

ह्या विवेचनाचा शालेय सरावाशी साक्षात् संबंध आहे. √२ लिहावयाच्या जागी १.४१४ लिहिण्याची सवय पुष्कळ विद्यार्थ्यांस असते. क्ष² − ६क्ष + ७ = ० ह्या समीकरणाचे एक मूळ ३ + √२ आहे. ते ४.४१४ असे घेऊन ताळा पाहिल्यास डाव्या बाजूस शून्य न येता −०.०००६०४ येते. आता ही तफावत सन्निकट किमतीमुळे पडली की मूळच चुकले, हे विद्यार्थ्यास कळण्यास मार्ग राहत नाही. उलट करणी तशीच ठेवली तर

(३ + √२)² − ६(३ + √२) + ७ = ११ + ६√२ − १८ − ६√२ + ७ = ०

असा ताळा निःसंदिग्धपणे जमतो. दशांश किंमत उत्तराचा अंदाज घेण्यासाठी उपयुक्त आहे, परंतु उत्तराची सिद्धता करण्यास ती असमर्थ आहे.

करण्यांची बेरीज

√२ + √८ = √१० ही चूक सर्वपरिचित आहे. तिचे निवारण बहुधा 'असे करू नये' एवढ्या निषेधाने केले जाते. सजातीय करण्यांच्या पद्धतीने √८ = २√२ असे रूप देऊन बेरीज ३√२, म्हणजेच √१८, असल्याचे दाखविले जाते, व तेथेच विषय संपतो. √२ आणि √८ यांच्या अनुक्रमे सुमारे १.४१४ आणि २.८२८ अशा किमती घेतल्या असता बेरीज ४.२४२ च्या आसपास येते, तर √१० हे ३.१६२ च्या आसपास आहे, एवढे पाहण्याचे श्रमही सहसा घेतले जात नाहीत.

भास्कराचार्यांनी बीजगणितात ह्याच प्रश्नाची मांडणी अधिक उद्बोधक रीतीने केली आहे. दोन करण्यांच्या अंकांची बेरीज ही 'महती' आणि त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट ही 'लघु' अशी नावे देऊन, दोहोंची बेरीज वा वजाबाकी घेतली असता इष्ट करणी मिळते, असा त्यांचा नियम आहे. आजच्या भाषेत तो असा :

(√प + √फ)² = (प + फ) + २√(पफ)

२ आणि ८ ह्या करण्यांसाठी महती १०, लघु २√१६ = ८; म्हणून बेरीज √१८ आणि वजाबाकी √२. ३ आणि २७ ह्यांसाठी महती ३०, लघु २√८१ = १८; म्हणून बेरीज √४८ आणि वजाबाकी √१२. ह्या दोन जोड्यांबरोबरच भास्कराचार्यांनी ३ आणि ७ अशी तिसरी जोडीही दिली आहे. येथे गुणाकार २१ येतो, त्याचे वर्गमूळ निघत नाही, आणि म्हणून ह्या करण्या पृथक् ठेवणे एवढेच करता येते.

उदाहरणांच्या ह्या निवडीत अध्यापनाचे एक तत्त्व साठलेले आहे. नियम कोठे लागू पडतो हे दोन जोड्यांनी दाखविले, आणि कोठे थांबतो हे तिसरीने दाखविले. शिवाय √१० ह्या चुकीच्या उत्तराचे मूळही येथे उघड होते. विद्यार्थी महती तेवढी घेतो आणि लघु विसरतो. चूक कोणत्या पदाच्या विस्मरणाने झाली हे एकदा कळले की निषेधाची आवश्यकता उरत नाही.

करणीच्या वर्गमुळातून वर्गसमीकरण

वरील नियम उलट वाचला असता एक नवा प्रश्न उत्पन्न होतो. ११ + ६√२ ही राशी दिली असता तिचे वर्गमूळ √प + √फ ह्या रूपात कसे काढावे? दोन्ही बाजूंचा वर्ग करून तुलना केल्यास प + फ = ११ आणि २√(पफ) = ६√२, म्हणजे पफ = १८, असे मिळते. ज्यांची बेरीज ११ आणि गुणाकार १८ आहे त्या दोन संख्या म्हणजे

त² − ११त + १८ = ०

ह्या वर्गसमीकरणाची मुळे होत. ती ९ आणि २ आहेत. म्हणून इष्ट वर्गमूळ √९ + √२ = ३ + √२. करणीचे उदाहरण सोडविता सोडविता विद्यार्थी वर्गसमीकरणाच्या दारी येऊन ठेपतो तो असा.

येथेही नियमाची मर्यादा दाखविणारे उदाहरण सरावात असणे अगत्याचे आहे. ७ + २√३ घेतल्यास बेरीज ७ व गुणाकार ३ येतो; त² − ७त + ३ = ० ह्या समीकरणाचा विवेचक ४९ − १२ = ३७ असून तो पूर्ण वर्ग नाही. म्हणून ह्या राशीचे वर्गमूळ दोन सरळ करण्यांच्या बेरजेच्या रूपात येत नाही. विवेचक पूर्ण वर्ग आहे की नाही, ही कसोटी एरवी मुळे परिमेय आहेत काय हे ठरविण्यासाठी पाठ केली जाते. येथे तिला प्रत्यक्ष कार्य मिळते.

भास्कराचार्यांनी ह्याच दिशेने पुढे जाऊन १० + √२४ + √४० + √६० ह्या राशीचे वर्गमूळ काढून दाखविले आहे. १० च्या वर्गातून २४ आणि ४० यांची बेरीज वजा केली असता ३६ उरतात, त्याचे मूळ ६. १० आणि ६ यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे अर्ध अनुक्रमे ८ आणि २. पुन्हा ८ च्या वर्गातून ६० वजा केले असता ४ उरतात, त्याचे मूळ २. त्यावरून ५ आणि ३. म्हणून वर्गमूळ √२ + √३ + √५. ह्यातील पहिली पायरी म्हणजे त² − १०त + १६ = ० आणि दुसरी म्हणजे त² − ८त + १५ = ० हे समीकरण सोडविणे होय, हे सहज ध्यानात येईल. दोन, तीन, चार किंवा पाच करण्यांच्या बेरजेच्या वर्गात अनुक्रमे एक, तीन, सहा किंवा दहा करणीपदे असली पाहिजेत, ही अटही त्यांनी नमूद केली आहे. म्हणजे काम हाती घेण्यापूर्वीच ते सिद्धीस जाण्याजोगे आहे काय, ह्याचा अदमास घेता येतो.

वर्गसमीकरणातून करणी

वर्गसमीकरण सोडविण्याच्या क्रियेस प्राचीन ग्रंथांत मध्यमाहरण अशी संज्ञा आहे. मधले पद नाहीसे करणे हा तिचा अर्थ. ह्यासाठी श्रीधराचार्यांनी सांगितलेली रीत भास्कराचार्यांनी उद्धृत केल्यामुळेच आज ज्ञात आहे. श्रीधरांचा बीजगणितावरील ग्रंथ उपलब्ध नाही. अ क्ष² + ब क्ष + क = ० ह्या समीकरणास ४अ ने गुणावे आणि दोन्ही बाजूंस ब² मिळवावा. त्यावरून

(२अ क्ष + ब)² = ब² − ४अक

असे रूप प्राप्त होते. प्रथम अ ने भागून पूर्ण वर्ग करण्याच्या रीतीत जे अपूर्णांक मध्येच उद्भवतात, ते ह्या रीतीत शेवटच्या भागाकारापर्यंत उद्भवत नाहीत. सूत्र पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास ब² − ४अक हे पद आकस्मिक भासते. ह्या रीतीने ते कोठून आले हे दोन ओळींत दिसते.

उजवी बाजू धन असून पूर्ण वर्ग नसेल, तर येथे करणीचा प्रवेश होतो. सहगुणक परिमेय असतील तर मुळे म + √न आणि म − √न अशा अनुबद्ध जोडीच्या रूपातच येतात, कारण करणी फक्त ± चिन्हानंतरच्या पदात असते. क्ष² − ६क्ष + ७ = ० ची मुळे ३ + √२ आणि ३ − √२ आहेत; त्यांची बेरीज ६ व गुणाकार ९ − २ = ७. ह्या गुणाकाराकडे बारकाईने पाहिल्यास नववीतील एका क्रियेचा उलगडा होतो :

१/(३ + √२) = (३ − √२)/७

छेदाचे परिमेयीकरण म्हणून जी क्रिया यांत्रिकपणे केली जाते, ती म्हणजे एका मुळास त्याच्या जोडीच्या मुळाने गुणणे होय, आणि छेदात उरणारे ७ हे त्या समीकरणाचे स्थिरपद होय. वर्गसमीकरणाच्या मुळांची बेरीज व गुणाकार परिमेय असतात, म्हणूनच परिमेयीकरण नेहमी साधते. ही गोष्ट विद्यार्थ्यास दाखविली तर एका वर्षापूर्वीची कृती दुसऱ्या वर्षी अर्थपूर्ण होते.

मूळ ग्राह्य की अग्राह्य?

ह्या दोन विषयांच्या संगमावर सर्वांत अधिक चुका होतात, आणि त्यांचे कारण बहुधा एकच असते. √३६ ही ६ ह्या एकाच धन संख्येची खूण आहे; परंतु क्ष² = ३६ ह्या समीकरणास ६ आणि −६ अशी दोन मुळे आहेत. चिन्हाचा अर्थ आणि समीकरणाची उकल ह्यांतील हा भेद अस्पष्ट राहिला तर पुढील सर्व विचार डळमळतो.

करणीयुक्त समीकरणात दोन्ही बाजूंचा वर्ग करावा लागतो. प = फ असेल तर प² = फ² हे खरे; परंतु प² = फ² वरून प = फ किंवा प = −फ एवढेच निष्पन्न होते. म्हणून वर्ग केल्यानंतर मिळणाऱ्या मुळांत मूळ समीकरणाची मुळे असतातच, पण त्याबरोबरच करणीचे चिन्ह उलट घेतलेल्या दुसऱ्या समीकरणाची मुळेही मिसळलेली असतात. पुढील तीन समीकरणे ह्या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून सोडवावीत :

(१) √(क्ष + ७) = क्ष + १
(२) √(क्ष + ३) = ३ − क्ष
(३) √(क्ष + ३) = क्ष + ३

पहिल्यावरून क्ष² + क्ष − ६ = ०, मुळे २ आणि −३. ताळा पाहता २ जमते. −३ घेतल्यास डावी बाजू २ आणि उजवी −२ येते, म्हणून ते त्याज्य. केवळ हेच उदाहरण केले तर विद्यार्थी 'ऋण मूळ टाकावे' असा निष्कर्ष काढतो. दुसऱ्यावरून क्ष² − ७क्ष + ६ = ०, मुळे १ आणि ६; येथे दोन्ही धन असूनही ६ त्याज्य ठरते, कारण डावी बाजू ३ आणि उजवी −३ येते. तिसऱ्यावरून क्ष² + ५क्ष + ६ = ०, मुळे −२ आणि −३; दोन्ही ऋण असूनही दोन्ही ग्राह्य आहेत. तीन उदाहरणांच्या ह्या संचाने चुकीचा नियम मूळ धरण्यापूर्वीच उपटला जातो, आणि मूळ समीकरणात किंमत घालून पाहणे हीच एकमेव कसोटी होय, हे मनावर ठसते.

शाब्दिक उदाहरणांत ह्याहून निराळी अशी आणखी एक कसोटी लागते. भास्कराचार्यांच्या दोन वानर-उदाहरणांत तिचे स्वरूप स्पष्ट होते. एका कळपाच्या अष्टमांशाच्या वर्गाइतके वानर वनात खेळत आहेत आणि उरलेले बारा टेकडीवर आहेत, हे पहिले उदाहरण. क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० ह्या समीकरणाची ४८ आणि १६ ही दोन्ही मुळे ग्राह्य आहेत; पहिल्यात वनात ३६ आणि दुसऱ्यात ४ वानर असतात. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले असून एक फांदीवर दिसतो. त्यावरून क्ष² − ५५क्ष + २५० = ०, मुळे ५० आणि ५. येथे ५ हे मूळ समीकरणाचे समाधान करते. परंतु पाचाच्या पंचमांशातून तीन वजा केले तर −२ येते, आणि वानरांची संख्या ऋण असणे लोकांस पटण्याजोगे नाही, ह्या कारणास्तव भास्कराचार्यांनी ते अग्राह्य ठरविले.

लीलावतीतील भ्रमरांचे उदाहरण ह्या दोन्ही कसोट्यांचा मेळ दाखविते. थव्याच्या अर्धाचे वर्गमूळ मालतीकडे गेले, थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच गेले, आणि एक भ्रमरी व कमळात अडकलेला एक भ्रमर असे दोघे उरले. थवा २य² मानल्यास २य² − ९य − १८ = ०, आणि य = ६ किंवा −३/२. पहिल्यावरून थवा ७२ येतो, आणि ६ + ६४ + २ = ७२ असा ताळा जमतो. दुसऱ्यावरून थवा ९/२ येतो. विद्यार्थी तो 'भ्रमर अर्धा असत नाही' म्हणून टाकतो. निर्णय बरोबर आहे, परंतु त्यामागे अधिक मूलभूत कारण आहे : य हे वर्गमूळ म्हणून मानलेले असल्याने ते ऋण असूच शकत नाही, आणि थवा ९/२ धरल्यास ३/२ + ४ + २ ही बेरीज ९/२ होत नाही. प्रश्न भ्रमरांऐवजी लांबीचा असता तर पहिले कारण निरुपयोगी ठरले असते. दुसरे मात्र टिकले असते.

सरावाची पुनर्रचना

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून सरावाविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, प्रत्येक उदाहरणसंचात नियम लागू न पडणारे एक तरी उदाहरण असावे. अन्यथा विद्यार्थी उदाहरण न वाचताच क्रिया सुरू करतो. दुसरी, करणीरूप मुळांचा ताळा मुळात किंमत घालून लेखी करावा. त्यात वर्गसमीकरणाची पडताळणी होतेच, शिवाय करणीच्या वर्ग, बेरीज व गुणाकार ह्या सर्व क्रियांची उजळणी आपोआप घडते. तिसरी, मुळे देऊन समीकरण बनविण्याची उदाहरणे परिमेयीकरणाच्या उदाहरणांबरोबर द्यावीत. चौथी, मूळ टाकताना ते का टाकले ह्याचे कारण एका वाक्यात लिहिण्याची सक्ती असावी. ताळा न जमल्यामुळे टाकले, की परिस्थितीशी विसंगत म्हणून टाकले, हा भेद त्या एका वाक्यात प्रकट होतो.

परीक्षेच्या घाईत ह्या गोष्टींस वेळ कोठून मिळणार, असा आक्षेप संभवतो. परंतु एकाच साच्याची वीस उदाहरणे सोडविण्यास जो वेळ लागतो, त्यातच भिन्न स्वरूपाची आठ उदाहरणे ताळ्यासह सोडविता येतात. पहिल्या पद्धतीने हात वेगवान होतो, पण साचा बदलताच तो थबकतो. दुसऱ्या पद्धतीने वेग काहीसा मंदावतो, पण अनोळखी उदाहरणासमोर विद्यार्थी निराधार राहत नाही. भावी शिक्षकांच्या दृष्टीने हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे, कारण ज्याने स्वतः कारणे शोधली नाहीत तो वर्गात निषेधच सांगू शकतो.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावानजीक पाटण येथे जो शिलालेख आहे, त्यावरून भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला होता, असे कळते. इ. स. १२०७ च्या सुमाराची ही घटना; सिद्धान्तशिरोमणीची रचना इ. स. ११५० मध्ये झाली असल्याने मध्ये अवघी पंचावन्न-साठ वर्षे गेली होती. इतक्या अल्प काळात ह्या ग्रंथांच्या पठणपाठणाची स्वतंत्र व्यवस्था करणे त्यांच्या वंशजांस आवश्यक वाटले. ग्रंथात नियम असतात, परंतु नियम कोठे थांबतो हे उदाहरणांच्या निवडीतून आणि शिकविणाऱ्याच्या विवेचनातून कळते. २ आणि ८ यांच्याशेजारी ३ आणि ७ ही जोडी ठेवण्याचे महत्त्व आजच्या शाळेतही तितकेच आहे.